कुठून आला हा लाल?

फड्या निवडुंग तुम्ही पाहिलाच असेल. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, एका हिरव्या फड्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा वाढत जाणारा. (ती जाड पानं नव्हेत बरं का! खोडच चपटं झालेलं असतं आणि पानांचे झालेले असतात काटे.) पुढच्या वेळी जरा जवळ जाऊन बघा. कधीकधी या फड्यांवर पांढऱ्या कापसाचे बारीक पुंजके चिकटलेले दिसतात. त्यातला एक पुंजका काडीने चिरडलात की काडी लालभडक होते. इतकी लाल, की बोट कापलं की काय असं वाटावं.

त्या पुंजक्यात एक किडा असतो. खरं तर किडी म्हणायला हवं, कारण ती मादी असते. हिला पंख नसतात. एकदा निवडुंगात सोंड खुपसली की ती तिथेच बसून रस पीत राहते. हलायचं नाही, पळायचं नाही. मग मुंग्यांनी खाल्लं तर? म्हणून तिने अंगातच एक औषध बनवून ठेवलंय, कार्मिनिक आम्ल. मुंग्यांना ते मुळीच आवडत नाही. माणसाला मात्र फार आवडलं, कारण हे आम्ल लाल असतं.

आपल्याकडे दिसतात ते या कुटुंबातले रानटी चुलतभाऊ. अस्सल रंगाचा किडा, म्हणजे कोशिनील, हा मूळचा अमेरिका खंडातला, आणि आजही जगात सगळ्यात जास्त कोशिनील तयार होतो तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. तिथे निवडुंगावर हे किडे मुद्दाम वाढवतात. सुमारे तीन महिन्यांत मादी पूर्ण वाढते, मग तिला खरवडून काढतात आणि वाळवतात. वाळली की करड्या रंगाचा खडा दिसतो. युरोपातले लोक तर कितीतरी वर्षं याला एखादी बी समजत होते. सूक्ष्मदर्शक आला, त्याच्याखाली हा खडा ठेवला, तेव्हा कुठे वाद मिटला. एक किलो कोशिनील गोळा करायला किती किडे लागतात, अंदाज करा बघू. सुमारे दीड लाख!

इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगाचे असत. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, हा किडा भारतातच वाढवावा. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले, पण आले ते रानटी जातीचे. त्यांच्यापासून चांगला रंग काही निघाला नाही. निवडुंग मात्र त्यांनी असा फस्त केला, की पुढे दक्षिण भारतात निवडुंगाचं रान हटवायला त्यांनाच कामाला लावलं. किडा सोडून तण मारायचं, याचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण.

आता चला पेरूला.

अँडीज पर्वतात कुस्को शहराजवळ चिंचेरो नावाचं गाव आहे. उंची सुमारे ३७६० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हे गाव त्याच्या दुपटीहूनही उंच. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १०० अंशांची वाट न बघता ८७-८८ अंशांनाच उकळायला लागतं. गावात क्वेचुआ भाषा बोलतात, आणि बायकांच्या हातात कायम लोकर असते. मेंढीची नाहीतर अल्पाकाची. अल्पाका म्हणजे उंटाचा एक छोटा, केसाळ नातेवाईक.

पाहुणे आले की इथल्या बायका एक प्रयोग करून दाखवतात. तळहातावर एक वाळका कोशिनील घ्यायचा आणि बोटाने चुरडायचा. तळवा गडद लाल. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळायचे. झाला नारिंगी! आता त्यात चिमूटभर खार घालायचा. बघता बघता जांभळा! किडा तोच, तळहातही तोच. आंबट पदार्थ, म्हणजे आम्ल मिसळलं की कार्मिनिक आम्लाचा रेणू प्रकाशातला एक भाग शोषतो. खार मिसळला की त्याच रेणूची ठेवण किंचित बदलते, तो वेगळा भाग शोषतो, आणि आपल्या डोळ्यांना वेगळा रंग दिसतो.

हे तुम्ही आत्ता घरी करू शकता, कोशिनील नको. पांढऱ्या कागदावर ओली हळद चोळा आणि वाळू द्या. मग त्यावर ओला साबण फिरवा. लाल! त्यावर लिंबू पिळा. पुन्हा पिवळा! हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला आईने साबण लावला की डाग लाल का होतो, ते आता कळलं ना?

पण तळहातावरचा रंग धुतला की जातो, आणि चिंचेरोची शाल वर्षानुवर्षं वापरली तरी लालच राहते. हे कसं? लोकर रंगवायच्या भांड्यात रंगाबरोबर तुरटीसारखा क्षार पडतो म्हणून. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने लोकरीला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला, मग पाण्यात कितीही बुडवा, तिघं एकमेकांना सोडत नाहीत. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. तुरटीऐवजी लोखंडाचा क्षार घातला तर रंग काळपट होतो. रसायनशास्त्राचं एकही पुस्तक न वाचता या बायकांच्या पणज्यांनी हे सगळं करून बघितलं, लक्षात ठेवलं आणि मुलींना शिकवलं. पेरूत हजार वर्षांहून जुनी कापडं सापडली आहेत. त्यांतला कोशिनीलचा लाल अजून टवटवीत आहे.

रंगाच्याही आधी धागा हवा. लोकर धुवायला एक मूळ किसून पाण्यात टाकतात. त्याचा रिठ्यासारखा फेस होतो, कारण रिठ्यात असतं तेच सॅपोनिन नावाचं द्रव्य त्यातही असतं. मग लाकडी चाती हातात घेऊन सूत काढायचं. चालताना, गप्पा मारताना, मेंढ्या राखताना चाती फिरतच असते. दोन सुतं निघाली की ती उलट्या दिशेने एकत्र पिळायची. उलट्याच दिशेने का? एक दोरा घ्या, घट्ट पीळ द्या आणि मधोमध दुमडून सोडा. दोन्ही भाग आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतील. पहिला पीळ सुटायला बघतो, दुसरा त्याला अडवतो, आणि दोघांच्या झटापटीत धागा पक्का होतो.

माग पाहिलात तर तुम्ही म्हणाल, हा कसला माग? चार काठ्या आणि एक पट्टा. उभ्या धाग्यांचं एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. म्हणजे ती स्वतःच मागाचा एक भाग असते. धागे ठोकून बसवायला लामा नावाच्या प्राण्याच्या हाडाचं टोकदार हत्यार, त्याला म्हणतात रुकी. ते वापरून वापरून गुळगुळीत झालेलं असतं.

आणि नक्षी? कागदावर कुठेही काढलेली नसते! प्रत्येक जागी उभे दोन धागे, समजा एक लाल आणि एक पांढरा. लाल वर काढला की पांढरा खाली जातो. कुठल्या ओळीत कुठले धागे उचलायचे, ते सगळं डोक्यात. चार सोडले, दोन उचलले, पुढच्या ओळीत एक सरकवला. अशा हिशोबाने कापडावर चौकट, चौकटीत वळणदार आकडा असं काहीतरी उमटत जातं. ‘लोरायपु’ ही नक्षी म्हणजे चिंचेरोची ओळखच. कापड उलटं करा. तीच नक्षी, पण रंग उलटे! समोर लाल फूल पांढऱ्यावर, तर पाठीमागे पांढरं फूल लालवर. आरशातली सममिती तुम्ही गणितात शिकता. ही त्याहून अवघड सममिती, आणि विणणारी ती बोटांनी मोजते.

मुलं सुरुवात करतात ती अरुंद पट्टीपासून. तिला हाकिमा म्हणतात. तुमच्याहूनही लहान मुलं हाकिमा विणतात. तिच्यातली सोपी नक्षी हाताला आली की मग रुंद कापड. मोठी शाल व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

इतकं सुंदर, इतकं हुशारीचं काम. तरी ते बंद पडायची वेळ आली होती.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम रंग बनवला. हळूहळू कारखान्याचे रंग जगभर पोचले, अँडीजमध्येही. पुढे ॲक्रिलिकचं स्वस्त तयार सूत आलं. हे सूत काढायला नको, धुवायला नको, रंगवायला नको. पर्यटकांच्या बाजारात यंत्रावर विणलेल्या शाली हातच्या म्हणून स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. मग ज्या शालीमागे एखाद्या बाईचे दोन महिने गेलेत, ती शाल तिच्या योग्य भावात कोण घेणार? आणि कोणी घेणारच नसेल, तर मुलीने ते शिकायचं कशाला? म्हाताऱ्या बायकांबरोबर नक्ष्या जायला लागल्या. एक नक्षी विसरली गेली की ती कुठल्या पुस्तकात सापडणार? ती तर कुठे लिहिलेलीच नव्हती.

हे बदलायचं ठरवलं चिंचेरोच्याच एका मुलीने. निल्दा कायान्याउपा आल्वारेस हिचं नाव. लहानपणी मेंढ्या राखता राखता ती थोरल्या बायकांकडून सूत काढायला आणि विणायला शिकली होती. पुढे शिकून मोठी झाली, पण माग काही सोडला नाही. १९९६ मध्ये तिने आणि इतर विणकरांनी मिळून कुस्कोत पारंपरिक कापडांचं एक केंद्र सुरू केलं. आज डोंगरातल्या दहा गावांचे विणकर त्याच्याशी जोडलेले आहेत. म्हाताऱ्यांना विचारून जुने रंग पुन्हा शोधले, विसरत चाललेल्या नक्ष्या पुन्हा विणल्या. गावोगावी मुलांचे गट आहेत, तिथे मुलं-मुली शिकतात. पुरुषही विणतात बरं का. तितिकाका सरोवरातल्या ताकिले या पेरूच्या बेटावर तर टोप्या विणायचं काम पुरुषांचंच!

मला या केंद्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे एक चिठ्ठी. विकायला ठेवलेल्या कापडाला एक चिठ्ठी असते. तिच्यावर विणणारीचं नाव, गाव आणि फोटो. दुकानात शाल हातात घेतली की ती कोणाच्या हातची, ते लगेच कळतं. ती ‘पेरूची शाल’ राहत नाही, अमुक बाईची शाल होते. आणि शाल विकली की पैसे त्या बाईच्या घरात जातात, मुलांच्या वह्या-पुस्तकांना, घराच्या छपराला. आईच्या मागाला पैसे मिळतात हे घरातली मुलगी बघते, म्हणून तीही माग कमरेला बांधते. लालाचा नारिंगी करायचं ज्ञान, उलट्या रंगांचं गणित, रुकीने धागा ठोकायची पद्धत, हे सगळं त्या विक्रीवर टिकून आहे.

आता हातची वस्तू ओळखायची कशी, ते सांगते. पाठ बघा: यंत्रावरच्या कापडाच्या पाठीला बऱ्याचदा सुटे धागे लोंबत असतात. कडा बघा: अँडीजचे विणकर कापड कापत नाहीत, त्यामुळे चारही कडा विणलेल्या, कुठे कात्री लागलेली नाही. आणि शंका आलीच तर एक धागा काढून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, जाळून बघा. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि चुरडली जाणारी राख उरते, कारण लोकर आणि केस दोन्ही एकाच प्रकारच्या प्रथिनाचे, केराटिनचे. ॲक्रिलिक मात्र वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो.

पेरू लांब आहे. पण हाताने वस्तू करणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूलाही आहेत. गोधड्या शिवणाऱ्या, वारली चित्रं काढणाऱ्या, आरसे लावून भरतकाम करणाऱ्या बंजारा बायका. मुंबईत महालक्ष्मी सरस नावाचं प्रदर्शन भरतं, तिथे राज्यभरातल्या महिला बचत गटांच्या वस्तू येतात. तुमच्या तालुक्याच्या गावीही बचत गटांची दुकानं लागत असतील. घरच्यांना घेऊन तिथे जा. वस्तू उलटी करून बघा, आणि दुकानातल्या मावशींना विचारा: हे कोणी केलं? किती दिवस लागले? रंग कशाचा? मावशी सांगायला लागल्या की थांबतच नाहीत! त्यानंतर घासाघीस करायची की नाही, ते तुम्हीच आई-बाबांना सांगा. माझं मत विचाराल तर, करू नका.