कर्णबधिर घरातली गाणारी मुलगी

बचत, कर्ज, हप्ते यांवर आपण नेहमीच बोलतो. आज एका सिनेमाबद्दल बोलू या. सिनेमा अमेरिकेतला, २०२१ सालचा. नाव 'कोडा'. कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना तिकडे 'कोडा' म्हणतात.

गोष्ट ग्लॉस्टर नावाच्या बंदरातली. रॉसी कुटुंब मासेमारी करतं. आई, वडील आणि मोठा भाऊ, तिघांनाही ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त सतरा वर्षांच्या रुबीला. पहाटे ती बोटीवर जाते, मग शाळेत. मासळीचा भाव ठरवायला ती, डॉक्टरकडे दुखणं सांगायलाही तीच. या पोरीला गायचं असतं. तिचं गाणं घरचे कधीच ऐकू शकणार नाहीत, आणि ती शिकायला गेली तर घराचं कसं चालणार, हा पेच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आई, वडील आणि भाऊ या तिन्ही भूमिका खऱ्याच कर्णबधिर कलाकारांनी केल्या आहेत. असं सहसा होत नाही. हा सिनेमा ज्या फ्रेंच सिनेमावरून घेतला, त्यात आईवडिलांचं काम ऐकू येणाऱ्यांनीच केलं होतं. आपल्याकडे १९९६ साली 'खामोशी' आला. गोव्यातलं कर्णबधिर जोडपं आणि त्यांची गाणारी मुलगी. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी काम जीव ओतून केलं, पण कर्णबधिर कलाकाराला ती संधी मिळाली नाही.

'कोडा'तही वडिलांच्या भूमिकेसाठी ऐकू येणारा नट घ्यायचा विचार झाला होता. आईचं काम करणाऱ्या मार्ली मॅटलिन यांनी सांगितलं, तसं असेल तर मी नाही. शेवटी ते काम ट्रॉय कॉट्सर यांना मिळालं, आणि २०२२ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट सिनेमाचं ऑस्करही 'कोडा'लाच.

यानं काय फरक पडतो? खुणांची भाषा नुसत्या हातांची नसते. भुवया, ओठ, खांदे, सगळं बोलतं. जन्मभर ती भाषा जगलेल्या माणसाचा राग, चेष्टा, भांडण पडद्यावर खरं वाटतं. हे लोक बिचारे दिसत नाहीत. ते भांडतात, चावट विनोद करतात (म्हणून पोरांना दाखवण्याआधी आपण एकदा बघून घ्यावा), धंद्याचा हिशेब करतात. वडिलांना गाडीत मोठ्यानं गाणी लावायला आवडतं, कारण ठेका अंगाला जाणवतो.

एक प्रसंग बघाच. शाळेत रुबी गाते आणि मध्येच सिनेमाचा आवाज बंद होतो. वडिलांना जेवढं ऐकू येतं, तेवढंच आपल्याला. ते शेजारच्यांचे चेहरे बघतात. कुणी डोळे पुसतंय. त्यावरून त्यांना कळतं, पोरगी चांगलं गाते. रात्री ते तिला पुन्हा गायला लावतात आणि तिच्या गळ्यावर हात ठेवून गाणं समजून घेतात.

भाऊ तिला रागानं सुनावतो, की आम्ही काही लाचार नाही. तो धंदा स्वतः सांभाळायला तयार असतो. दर वेळी बहीणच मध्ये बोलली, तर लोक त्याच्याशी थेट बोलणार कधी?

हाच प्रश्न आपल्या गटाचाही आहे. एखाद्या सभासद बाईला ऐकू येत नसेल, तर आपण तिच्या जावेला विचारतो, "हिला कर्ज हवंय का?" जाऊ उत्तर देते, बाई सही करते, आणि किती रकमेवर सही केली हे तिला घरी गेल्यावर कळतं. हप्ता मात्र तिलाच फेडायचा असतो.

म्हणून एवढं करू या. बैठकीत गोल बसू या, तोंडावर उजेड राहील असं. एका वेळी एकीनंच बोलायचं. ओरडायचं नाही, सावकाश आणि तिच्याकडे बघून बोलायचं. रक्कम, व्याज, हप्ता पाटीवर लिहून तिला दाखवायचं. लिहिता-वाचता येत नसेल तर नोटा मांडून, बोटं मोजून सांगायचं. दुभाषा कोण हवा, हे तिनं ठरवायचं. दवाखान्यातल्या खाजगी गोष्टींसाठी लहान लेकरांना मध्ये घालायचं नाही. आणि तिच्या खुणा आपणही शिकायच्या. महिन्याला दहा शिकलो तरी वर्षाला एकशेवीस होतात.

पुढच्या बैठकीत ठराव वाचून झाला, की सहीआधी तिला थेट विचारा आणि तिच्या उत्तरासाठी थांबा.