पोटऱ्या ताणून दुखापत टळते का?

ऑस्ट्रेलियात कपूका इथे लष्कराचं भरती-प्रशिक्षण केंद्र आहे. धावणं, ओझं पाठीवर घेऊन चालणं, अडथळे ओलांडणं यांत नवख्या जवानांचे पाय हमखास दुखावतात. रॉडनी पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,५३८ जवानांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी वॉर्म-अप करायचा, पण एकाने त्यातच पायांचे सहा मोठे स्नायू प्रत्येकी २० सेकंद ताणून धरायचे. बारा आठवड्यांनी हिशेब झाला. ताणणाऱ्या ७३५ जणांत १५८ दुखापती, न ताणणाऱ्या ८०३ जणांत १७५. म्हणजे दोन्हीकडे शेकडा बावीसच्या आसपास. २००० साली हे प्रसिद्ध झालं. दुखापतीचा अंदाज लागला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. भरतीच्या वेळी धावण्याच्या चाचणीत ज्यांचा दम लवकर संपला, तेच पुढे जास्त जायबंदी झाले.

तरीही कुठल्याही मॅरेथॉनच्या सकाळी खांब, कठडे, दुभाजक धरून पोटऱ्या ताणणारी मंडळी दिसतातच. त्यांत वाईट काही नाही. मात्र एकच स्नायू मिनिटभराहून अधिक वेळ ताणून धरला, तर पुढचा थोडा वेळ त्याचा जोर किंचित उतरतो, एवढं लक्षात ठेवावं.

स्नायू फाटतो तो बहुधा लांबी अपुरी पडल्याने नव्हे. वेगात पळताना पाय पुढे झेपावतो आणि पाऊल टेकण्याच्या जरा आधी मांडीमागचा हॅमस्ट्रिंग त्याला आवरून धरतो. तो लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. निसटतो तो याच क्षणी. तेव्हा स्नायूला शिकवायचं ते लांबताना ताकद लावायला. त्यासाठीचा ‘नॉर्डिक’ व्यायाम दिसायला साधा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर याची चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. पहिले काही दिवस हा प्रकार चांगलाच रडवतो, म्हणूनच तो अर्ध्यावर सोडून देणारे पुष्कळ.

मग रोज ताणण्याने अंग लवचीक होतं, ते कसं? सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायूची लांबी फारशी वाढलेली नसते, वाढते ती ताण सोसण्याची तयारी. नर्तकाला, जिम्नॅस्टला, योगासनं करणाऱ्याला त्याचा उपयोग आहेच. रविवारी दहा किलोमीटर पळणाऱ्याला त्याहून गरज आहे ती अंग गरम करण्याची. आधी भरभर चालणं, हलकं पळणं, थोडे सूर्यनमस्कार, एवढं पुरतं.

राहिला प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा. त्याचं खापर अजूनही लॅक्टिक ॲसिडवर फुटतं, आणि ते निव्वळ अन्यायाचं आहे. व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट पूर्ववत होतं, तर मांड्या भरून येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. हे दुखणं स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं. स्ट्रेचिंगने ते किती कमी होतं, हेही मोजून झालं आहे. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर फार तर चार गुण.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरावा लागतो. घाबरवतो चढ, पण मांड्या मोडतो उतार, कारण उतरताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबतच शरीराचा भार झेलतो. गंमत अशी, की असा मार एकदा खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच माराला बराच कमी दुखतो. तेव्हा साताऱ्याला नाव नोंदवलं असेल, तर तीनेक आठवडे आधी एखादा उतार पळून यावा. पुणेकरांना सिंहगडाचा रस्ता आहेच. पहिल्या खेपेला थोडंसंच पळावं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल, तो निमूट धरावा.