गाठ पुन्हा का वाढते?

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या भाजीमळ्यांत लव्हाळा कितीही उपटा, जमिनीतल्या कंदांतून तो पुन्हा फुटतो. स्वादुपिंडाचा कर्करोगही असाच चिवट. 2019 मध्ये गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं निधन याच आजाराने झालं.

या गाठीतले 'कंद' 2007 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ओळखले गेले: कर्करोगाच्या मूलपेशी. गाठीत त्या शंभरात एकाहूनही कमी. पण अशा जेमतेम 100 पेशी टोचल्यावर निम्म्या उंदरांत नवी गाठ वाढली.

हे बळ येतं कुठून? गर्भात 'सॉक्स-2'सारखी प्रथिनं पेशींना कोवळं, बहुरूपी ठेवतात. निरोगी स्वादुपिंडात सॉक्स-2 गप्प असतं. काही गाठींत ते पुन्हा जागं होतं आणि पेशी आपली ठरलेली ओळख विसरून मूलपेशींसारख्या वागू लागतात. केमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशी मारते. संथ मूलपेशी निसटू शकतात. म्हणून त्यांनाच गाठणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे.