यंत्र विकत घेणे आणि यंत्र चालते राहणे

नंदुरबारचे नाव निघाले की मिरचीची बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. तथापि या बाजारपेठेला हातभार लावणारे एक ठिकाण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे गावातील लहान वर्कशॉप. दळणाच्या गिरणीचा शाफ्ट झिजला, ट्रॅक्टरची पिन तुटली किंवा विहिरीवरील पंपाचे बुश निकामी झाले, की माणूस प्रथम लेथवाल्याकडे धावतो. त्याचा लेथ बंद म्हणजे गिरणी बंद, पंप बंद. म्हणून यंत्र विकणाऱ्याने विक्रीनंतर कशी सेवा द्यावी हा प्रश्न केवळ वर्कशॉपवाल्याचा नसून साऱ्या गावाचा आहे, असे आम्हांस वाटते.

लेथ पुष्कळदा राजकोट, बटाला, लुधियाना, कोइमतूर अशा दूरच्या गावांहून येतो. यंत्र दारात येते, विकणारा मात्र शेकडो मैलांवर राहतो. समजा, एखाद्या तरुण टर्नरने बँकेचे कर्ज काढून लेथ घेतला आणि महिन्याभरात हेडस्टॉक आवाज करू लागला. विक्रेत्याला फोन केला की उत्तर मिळते, "आमचा माणूस येतो आहे." माणूस येत नाही, पण कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर होतो. अशा वेळी त्या तरुणाने काय करावे? आमच्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर यंत्र बिघडल्यावर नव्हे, तर यंत्र घेतानाच तयार करावे लागते.

पहिली गोष्ट, सेवा म्हणजे विक्रेत्याने दाखविलेली मेहेरबानी नव्हे. ती किमतीत धरलेली वस्तू आहे. म्हणून ती मोजून मापून, लेखी घ्यावी. यंत्र कोणी बसवून द्यायचे, तक्रार कळविल्यावर किती दिवसांत कारागीर यावा, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, सुटे भाग किती वर्षे मिळतील, हमीची मुदत माल पोचल्यापासून की यंत्र चालू झाल्यापासून, एवढे पाच प्रश्न ऑर्डरच्या कागदावर सुटले पाहिजेत. तसेच यंत्र कोणत्या कामासाठी हवे तेही लिहावे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे, ग्राहकाने आपले काम सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे, अशी अट करारात आपोआप येते. मात्र ग्राहकाने स्वतःच एखादी छापाची वस्तू नाव घेऊन मागितली, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणून "अमुक लेथ पाठवा" एवढेच न लिहिता "तमुक काम करावयाचे आहे, त्यास योग्य लेथ पाठवा" असे लिहिणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट, यंत्र तपासून घ्यावे. बर्लिनचे प्राध्यापक जॉर्ज श्लेसिंगर यांनी १९२७ साली यंत्रांच्या तपासणीचे एक पुस्तक काढले. कोणती चूक कोठे मोजावी आणि ती किती चालेल, हे ठरल्यामुळे घेणारा व विकणारा यांच्यातील वादाला मोजमापाचा आधार मिळाला. आपणही तेच करावे. लेथ लेव्हलमध्ये बसवावा, स्पिंडलला डायल लावून पाहावा, एखादी लांब सळई कातून तिच्या दोन्ही टोकांचा व्यास मोजावा. आकडे कागदावर लिहून त्यावर विक्रेत्याच्या माणसाची सही घ्यावी. येथे विक्रेत्याचीही बाजू आहे. पाया कच्चा असेल किंवा विजेचा दाब कमी असेल, तर दोष यंत्राचा नसतो. सही झालेला कागद दोघांचेही रक्षण करतो. दोष दिसल्यास मात्र ताबडतोब लेखी कळवावे. वाजवी मुदतीत माल नाकारल्याचे कळविले नाही, तर तो स्वीकारला असे कायदा धरून चालतो.

एवढे करूनही विक्रेता दाद देत नसेल, तर कायद्याचे कोणते दार उघडे आहे? येथे आपल्याच राज्यातील एक खटला उद्बोधक आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातील लघुउद्योगाने पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या संस्थेकडून संगणकाने चालणारे कातयंत्र घेतले. ते उशिरा आले व सदोष निघाले अशी त्याची तक्रार होती. राज्य आयोगाने २ लाख ४८ हजार रुपये देण्याचा हुकूम केला. राष्ट्रीय आयोगाने तो फिरविला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही या उद्योगाचे अपील फेटाळले. कारण यंत्र चांगले की वाईट हे नव्हे, तर ते व्यापारी हेतूने घेतलेले असल्यामुळे घेणारा 'ग्राहक'च ठरत नाही, हे होते. ग्राहक आयोगाचे दार बंद झाले, दिवाणी न्यायालयाचे तेवढे उरले.

परंतु त्याच निकालात लहान माणसासाठी एक मोलाचा खुलासा आहे. जो माणूस स्वतः चालविण्यासाठी लेथ घेतो आणि त्यावरच आपला चरितार्थ चालवितो, तो ग्राहकच होय. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणूनही त्याचा हक्क जात नाही. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याचे हे संरक्षण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. त्या कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेच त्याला तक्रार करता येते. म्हणजे नंदुरबारच्या टर्नरला कोइमतूर गाठावे लागत नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग तक्रार ऐकतो, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. "माणूस येतो आहे" या आश्वासनावर ती संपू देऊ नये.

तात्पर्य, स्वतःच्या हाताने यंत्र चालविणाऱ्यास ग्राहक कायद्याचा आधार आहे. कामगार ठेवून मोठा कारखाना चालविणाऱ्याचा मुख्य आधार त्याच्या ऑर्डरचा कागद हाच आहे. कागद दोघांनाही हवा. यंत्र घेताना आपण किमतीवरून तासभर घासाघीस करतो. त्यातली दहा मिनिटे जरी सेवेच्या अटी लिहून घेण्यात घालविली, तरी पुढे गावातल्या गिरण्या आणि पंप अडून राहणार नाहीत.