आडनाव एक, स्वभाव दोन



मागच्या महिन्यात नातीने माझ्या क्रीमच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि ओरडली, "आजोबा, यात ग्लायकॉल आहे! हे तर गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात!"

तिचं अर्धं बरोबर होतं. लडाखमध्ये ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून आम्ही त्यात ग्लायकॉल मिसळायचो. ते विषारी आहे, हे जवानांना बजावून सांगायचो. पण ते एथिलीन ग्लायकॉल. डबीत होतं प्रॉपिलीन ग्लायकॉल. आडनाव एक, स्वभाव दोन.

एथिलीन पोटात गेलं, तर शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रॉपिलीनचं मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनतं. तेच आम्ल धावताना आपल्या स्नायूंतही तयार होतं. म्हणून ठरलेल्या प्रमाणात ते औषधांत आणि खाद्यपदार्थांतही चालतं.

क्रीममध्ये ते काय करतं? पाण्यात सहज न विरघळणारे घटक विरघळवतं, त्वचेत ओलावा धरून ठेवतं आणि औषध आत मुरायला मदत करतं. केसांसाठीच्या मिनॉक्सिडिल द्रावणात ते बहुधा असतंच.

मग सगळ्यांना निर्धोक? तसंही नाही. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१८ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं, म्हणजे डॉक्टरांचं लक्ष त्याकडे वेधलं. मलाही मिनॉक्सिडिलने टाळूला खाज सुटली होती. डॉक्टरांनी ग्लायकॉल नसलेला फेस दिला, खाज थांबली.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. नवं क्रीम आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा. लाली किंवा खाज आली तर थांबा. भाजलेल्या मोठ्या जखमेवर किंवा तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका. आणि घरी क्रीम बनवायला सुटं, बिनलेबलचं रसायन आणू नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती म्हणून. तेही याच आडनावाचं.

नातीला मी शाबासकीच दिली. लेबल वाचायची सवय चांगली. फक्त नाव पूर्ण वाचायचं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.