पुणे करार

पुणे करार : हिंदू समाजातील अस्पृश्य गणलेल्या जातींना कायदेमंडळांत द्यावयाच्या प्रतिनिधित्वाविषयी सवर्ण हिंदू व दलित वर्ग यांच्या नेत्यांत २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात झालेला करार. यास ‘येरवडा करार’ असेही म्हणतात. या कराराने दलित वर्गासाठी जाहीर झालेले विभक्त मतदारसंघ रद्द होऊन त्यांऐवजी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागांची पद्धत स्वीकारण्यात आली. भारतीय संविधानातील अनुसूचित जातींच्या राखीव मतदारसंघांचे मूळ या करारात आहे. ज्या समाजगटाविषयी बहुसंख्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या पूर्वग्रह आहेत, त्याचा प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडला जावा, हा करारामागील मूळ प्रश्न होय.

सामाजिक पार्श्वभूमी : करार पुण्यात झाला तो महात्मा गांधी तेथे बंदिवासात होते म्हणून, परंतु हा प्रश्न पुणे शहराला नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या व १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली प्रसिद्ध झालेला गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. वर्णभेद व जातिभेद यांतील साम्य पुण्यातील विचारवंताला इतक्या लवकर जाणवले होते, हे लक्षणीय आहे.

व्यक्तीचे गुण मान्य करूनही तिची जात न विसरण्याची वृत्ती पळवणकर बाळू यांच्या अनुभवावरून दिसून येते. चर्मकार कुटुंबातील हे डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यात यूरोपीय क्रिकेटपटूंच्या क्लबात मैदानाची निगा राखत असत. त्यांच्या गोलंदाजीची कीर्ती झाल्यावर पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. परंतु मैदानावर बरोबरीने खेळणाऱ्या बाळूंना चहा मात्र इतरांपासून दूर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणारे हेच बाळू पुढे पुणे करारावर सही करणाऱ्यांपैकी एक होते.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावाद्वारे मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या; तथापि ठरावाची अंमलबजावणी फारशी झाली नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यातील पर्वतीच्या देवस्थानात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे व पांडुरंग नाथूजी राजभोज हे त्याचे प्रमुख होत. एस्. एम्. जोशी, ना. ग. गोरे इ. सवर्ण तरुणही त्यात सहभागी झाले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली व मंदिराची दारे बंदच राहिली. केवळ सद्‌भावनेवर विसंबून हक्क मिळत नाहीत, ही जाणीव अशा अनुभवांतून दृढ होत गेली.

राजकीय पार्श्वभूमी : १९०९ च्या मोर्ले–मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. १९१९ च्या कायद्यान्वये दलित वर्गाला केवळ सरकारनियुक्त प्रतिनिधी मिळाले. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन आयोगापुढे दिलेल्या साक्षीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रौढ मताधिकार असल्यास संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा ही व्यवस्था मान्य होण्यासारखी आहे, अशी भूमिका मांडली होती. म्हणजेच विभक्त मतदारसंघ ही त्यांची आरंभापासूनची मागणी नव्हती. मालमत्ता व शिक्षण यांवर आधारलेल्या मर्यादित मताधिकारात दलित मतदार अत्यल्प राहतील व त्यांचा प्रतिनिधी इतरांच्या मर्जीवर निवडून येईल, या विचाराने ती पुढे आली. गोलमेज परिषदेत आंबेडकर व रेट्टमलै श्रीनिवासन या दलित प्रतिनिधींनी ती मांडली. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत गांधींनी तिला कडाडून विरोध केला. विभक्त मतदारसंघांमुळे अस्पृश्यता कायमची होईल व गावोगाव हिंदू समाजात फूट पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्यतेचे पाप सवर्णांचे असल्याने तिचे निवारण हे त्यांचे कर्तव्य आहे, असे ते मानीत. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट न पाहता दलितांच्या हाती राजकीय सत्तेचा वाटा आला पाहिजे, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते.

जातीय निवाडा व उपोषण : ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांचा जातीय निवाडा ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गाला ७१ खास जागा मिळाल्या. या जागांसाठी फक्त दलित मतदार मतदान करणार होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत देता येणार होते. या दुहेरी मताचे महत्त्व दुहेरी होते. एका मताने दलितांना स्वतःच्या विश्वासातील प्रतिनिधी निवडता येई, तर दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही त्यांच्या मताची दखल घ्यावी लागे. ही व्यवस्था वीस वर्षांपुरती होती.

४ जानेवारी १९३२ पासून येरवड्यात असलेल्या गांधींनी या तरतुदीविरुद्ध २० सप्टेंबर रोजी आमरण उपोषण सुरू केले. पं. मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने प्रथम मुंबईत व नंतर पुण्यात वाटाघाटी झाल्या. तेजबहादुर सप्रू, मु. रा. जयकर, चक्रवर्ती राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, घनश्यामदास बिर्ला आदी एका बाजूस, तर आंबेडकर, श्रीनिवासन, पु. गो. सोळंकी आदी दुसऱ्या बाजूस होते. मद्रासचे एम्. सी. राजा हे दलित पुढारी आधीपासूनच संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. गांधींचे प्राण गेल्यास खेडोपाडी अल्पसंख्य दलितांवर सवर्णांचा रोष ओढवेल, ही भीती आंबेडकरांपुढे होती. या दडपणाखाली झालेली तडजोड कितपत मुक्त संमतीची म्हणावी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. गांधींची सही त्यावर नाही. ब्रिटिश सरकारने करार मान्य केल्यावर २६ सप्टेंबरला रवींद्रनाथ टागोरांच्या उपस्थितीत उपोषण सुटले.

कराराच्या तरतुदी : (१) सर्वसाधारण जागांपैकी १४८ जागा प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गासाठी राखून ठेवण्यात आल्या : मद्रास ३०, बंगाल ३०, मध्य प्रांत २०, संयुक्त प्रांत २०, बिहार व ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८ व आसाम ७. (२) या जागांची निवडणूक दोन टप्प्यांत व्हावयाची होती. प्रथम मतदारसंघातील दलित मतदारांनी प्रत्येकी एक मत देऊन चार उमेदवार निवडावयाचे व नंतर त्या चौघांतून एकाची निवड सर्व मतदारांनी मिळून करावयाची. (३) केंद्रीय कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा राखीव ठेवावयाच्या. (४) प्राथमिक निवडणुकीची पद्धत दहा वर्षांनंतर संपावयाची. राखीव जागा मात्र परस्परसंमतीने रद्द होईपर्यंत चालू राहावयाच्या. (५) स्थानिक संस्था व सरकारी नोकऱ्या यांत दलितत्वामुळे कोणासही अपात्र न मानणे, तसेच प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चातून दलितांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवणे, यांविषयीही कलमे होती.

थोडक्यात, जागांची संख्या दुपटीहून अधिक झाली. परंतु दुसरे मत गेले व अंतिम निवड सर्व मतदारांच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी सवर्णांच्या, हाती आली. दोन्ही पक्षांनी काय मिळविले व काय गमावले, याचा हिशेब या एका वाक्यात सामावतो.

परिणाम : कराराच्या आठवड्यात अनेक मंदिरे व विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून हरिजन हे साप्ताहिक निघू लागले. विरोधही तितकाच तीव्र होता. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात २५ जून १९३४ रोजी गांधी पुणे नगरपालिकेचे मानपत्र स्वीकारण्यास जात असता त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब टाकण्यात आला व काहीजण जखमी झाले. बंगालमधील सवर्ण हिंदूंनी आपल्या जागा घटल्याबद्दल कराराविरुद्ध तक्रार केली. आंबेडकरांनी १९३५ साली येवले येथे धर्मांतराची घोषणा केली.

१९३५ च्या कायद्यात कराराचा समावेश होऊन १९३७ साली त्याप्रमाणे पहिल्या निवडणुका झाल्या. मुंबईतील राखीव जागेसाठी आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने पळवणकर बाळूंना उभे केले. आंबेडकर विजयी झाले. १९४६ च्या निवडणुकीत मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला १५१ राखीव जागांपैकी दोनच मिळाल्या. अनेक ठिकाणी उमेदवार चारांहून अधिक नसल्याने प्राथमिक फेरी झालीच नाही. परंतु जेथे ती झाली, तेथे दलित मतदारांचा कौल व अंतिम निकाल यांत तफावत पडली, हे आंबेडकरांनी दाखवून दिले. जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने करार रद्द व्हावा यासाठी पुण्यातच सत्याग्रह केला. पर्वती सत्याग्रहातील व करारावर सही करणारे राजभोज हे फेडरेशनचे सरचिटणीस होते.

स्वातंत्र्यानंतर : संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली (अनुच्छेद १७) व प्रौढ मताधिकार दिला. लोकसभा व विधानसभा यांत राखीव जागा ठेवण्यात आल्या (अनुच्छेद ३३०, ३३२). प्राथमिक निवडणूक मात्र राहिली नाही. आरंभी दहा वर्षांसाठी असलेली ही तरतूद वेळोवेळी वाढविण्यात आली असून १०४ व्या दुरुस्तीने तिची मुदत २०३० पर्यंत वाढविली आहे. १९५२ साली उत्तर मुंबईत व १९५४ साली भंडारा येथे स्वतः आंबेडकर पराभूत झाले. २००८ च्या पुनर्रचनेनुसार लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ व महाराष्ट्र विधानसभेत २९ जागा आहेत. ज्या पर्वतीवर १९२९ साली दलितांना अडविण्यात आले, तिच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ पुढे या पुनर्रचनेपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. त्यानंतर पुणे कँटोन्मेंट मतदारसंघ राखीव झाला.

राखीव जागांवरील प्रतिनिधी आपल्या समाजापेक्षा पक्षाला अधिक बांधील राहतात, ही टीका पुढेही होत राहिली. पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत एकेकाळी नोकरीस असलेले कांशीराम यांनी कराराच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ साली, पुण्यापासून कराराच्या निषेधाची मोहीम सुरू केली व द चमचा एज या पुस्तकात हाच आक्षेप मांडला. उलटपक्षी, या पद्धतीमुळे प्रत्येक पक्षाला दलित उमेदवार शोधावे व घडवावे लागले आणि सवर्ण मतदारांनाही दलित प्रतिनिधीस मत देण्याची सवय लागली, असे तिचे समर्थक दाखवून देतात.

तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली, तथापि साक्षरतेची परीक्षा, मतदानकर व धाकदपटशा यांच्या योगे दक्षिणेतील राज्यांनी कृष्णवर्णीयांना जवळजवळ शतकभर मतदानापासून दूर ठेवले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ही स्थिती पालटली. पुढे कृष्णवर्णीय मतदारांचे बहुमत होईल असे मतदारसंघ आखण्यात आले. १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाने अशा आखणीवर मर्यादा घातल्या. तेथे उमेदवाराचा वर्ण ठरलेला नसतो, मतदारांचे बहुमत साधले जाते. पुणे कराराच्या पद्धतीत उमेदवाराची जात ठरलेली असते, मतदार मात्र सर्व असतात. दलित वस्ती सर्वत्र विखुरलेली असल्याने राखीव मतदारसंघांतही तिचे बहुमत सहसा नसते. एका पद्धतीत मतदार वेगळे पडण्याचा, तर दुसरीत प्रतिनिधी परावलंबी होण्याचा धोका संभवतो.

मूल्यमापन : पुणे कराराने दलितांचे विधिमंडळातील स्थान निश्चित केले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. सवर्ण मतदाराचा पूर्वग्रह कालांतराने नाहीसा होईल, हे त्यामागील गृहीतक मात्र अपुरे ठरले. १९५५ चा अस्पृश्यतेविषयीचा कायदा अपुरा पडून १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला; १९७२ साली बाबा आढाव यांना पुण्याहून ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवावी लागली. फुल्यांनी हौद खुला केल्यानंतर शंभर वर्षांनीही पाण्याचा प्रश्न शिल्लक होता. जोपर्यंत मत देताना जात आठवते, तोपर्यंत प्रतिनिधी कोणी निवडावा हा १९३२ चा प्रश्नही जिवंत राहील.