रेंज नसलेल्या गावाचा अभिप्राय

उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांमध्ये आजही रेंज शोधत चढावर जावं लागतं. काळी नदीच्या खोऱ्यातलं दाट जंगल आणि लांब लांब विखुरलेली घरं. इंटरनेटचे नियम कसे असावेत याविषयी सरकार जनतेचं मत मागवतं, तेव्हा ते बहुतेकदा ई-मेलने किंवा संकेतस्थळावर द्यायचं असतं. ज्याच्यापर्यंत इंटरनेट नीट पोचलेलंच नाही, त्याने आपलं म्हणणं मांडायचं कुठे?

अशा मतांना वजन असतं, हे २०१५मध्ये दिसलं. ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २७ मार्चला इंटरनेटच्या नियमांविषयी ११८ पानी चर्चापत्र काढलं. त्यावर दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. डिसेंबरात पुढचा प्रश्न आला: ठरावीक संकेतस्थळं फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असं चालेल का? त्या वेळी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना गाजत होती. बाजाराला जायला फुकट गाडी, पण ती थांबणार गाडी देणाऱ्याने निवडलेल्या दुकानांपाशीच, असा तो प्रकार. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. जिथे इंटरनेट सर्वांत शेवटी पोचतं, अशा जोयड्यासारख्या भागांच्या नावानेच ‘फ्री बेसिक्स’ मांडली जात होती.

त्याच वेळी एक धडाही मिळाला. ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूने एकाच मजकुराची लाखो पत्रं गेली, पण ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यांत नव्हती. डोकी मोजणं वेगळं आणि विचारविनिमय वेगळा. विचारविनिमयात दुसऱ्याचं ऐकावं लागतं आणि पटलं तर आपलं मत बदलावंही लागतं. ट्राय आलेले अभिप्राय जाहीर करतं आणि त्यांवर प्रति-अभिप्राय मागवतं, ही पद्धत म्हणूनच मोलाची. ब्राझीलने २००९मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. इंटरनेट-हक्कांच्या कायद्यासाठी आधी तत्त्वांवर आणि मग मसुद्याच्या कलमाकलमावर खुली ऑनलाइन चर्चा झाली. २०१४मध्ये तो कायदा झाला.

आपल्याकडे मात्र जानेवारी २०२५मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा आलेल्या सूचना कोणालाही दाखवल्या जाणार नाहीत, असं सरकारने आधीच सांगून टाकलं. शेजारी काय म्हणाला हे कळणारच नसेल, तर चर्चा होणार कशी?

दुसरी अडचण भाषेची. २०२०मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांमध्ये उपलब्ध करायला सांगितलं. जोयड्यात कन्नड, कोकणी, मराठी चालतात आणि या तिन्ही त्या अनुसूचीत आहेत. पर्यावरणाच्या मसुद्याला जे लागू, ते इंटरनेटच्या मसुद्यालाही व्हावं.

रेंज नसली तरी बसून बोलायची जागा गावात आहेच: ग्रामसभा. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. इंटरनेटचा मसुदाही याच सभेत लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा. पंचायतीत दाखल्यासाठी अंगठा लावायचा आणि नेटवर्क गेलं तर काय? शिकणाऱ्या मुलीचा फोन घरात कोणाच्या हाती असतो? आपली माहिती कोण साठवतं? या प्रश्नांवर तिथे बोलावं, वाद घालावा आणि ठराव करून तो कागदावर दिल्लीला पाठवावा. दिल्लीनेही तो ई-मेलच्याच बरोबरीने नोंदवावा आणि त्याचं काय केलं ते गावाला कळवावं.

या तालुक्याचं जुनं ठाणं सुपा आज काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. वीज राज्याला मिळाली, गाव सोडावं लागलं ते इथल्या माणसांना. त्यांतले काही रामनगरात वसले. आपल्या आयुष्याचा निर्णय दूर कुठेतरी झाला की काय होतं, हे या मातीला कोणी शिकवायला नको. आता तारा आणि टॉवर येत आहेत. त्यांच्यावरून काय आणि कोणाच्या अटींवर वाहणार, हे या वेळी तरी इथल्या माणसांना आधी विचारलं जावं.